खडू ठेवून माउस धरताना

बावीस वर्षं फळ्यावर सराईतपणे फिरलेला हात माउसवर मात्र अडखळत होता. पहिल्याच ऑनलाइन चाचणीला गूगल फॉर्मची (ऑनलाइन प्रश्नपत्रिकेची) लिंक पाठवली ती नेमकी बदल करता येण्याची! मुलांनी उत्तरं द्यायची सोडून प्रश्नच सोपे करून ठेवले. (कल्पकतेला गुण द्यायला हवे होते.)

त्या रात्री मी ऑनलाइन मदत मागितली, तेव्हा न कंटाळता मदत करणाऱ्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार. सेटिंग्जमध्ये क्विझ चालू करून उत्तरसूची भरली की वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गुण आपोआप पडतात, हे तुमच्यामुळे कळलं. आणि गूगल डॉक्सच्या लिंकमधलं शेवटचं ‘एडिट’ खोडून ‘कॉपी’ लिहिलं, की प्रत्येकाला स्वतःची प्रत करून घेता येते, हे सांगणाऱ्या ताईंना तर साष्टांग दंडवत!

हजेरी मात्र अजून वहीतच घेते.