हवालदाराची पेन्शन आणि कॅप्टनचा पगार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका मुलाच्या सत्काराची बातमी वाचली. शेतकऱ्याचा मुलगा, छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका विमान कंपनीत कोपायलट म्हणून लागला. गावाने फेटा बांधून मिरवणूक काढली. वाचून ऊर भरून आला, कारण मीही त्याच वाटेने गेलो आहे. पण 'आता घराची आयुष्यभराची ददात मिटली' असं एक वाक्य त्या बातमीत होतं. त्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

माझं वय ५५. घर बेळगाव तालुक्यातल्या कडोलीत. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९४ साली त्यांनी वीस गुंठे विकले, उरलेल्या शेतावर सोसायटीचं कर्ज काढलं आणि मला विमान शिकायला पाठवलं. कमर्शियल लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे तास पूर्ण झाले, पण नोकरी मिळाली नाही. बरीच वर्षं लायसन्स जिवंत ठेवण्यातच गेली. २००६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर कोपायलट झालो. त्या जातीचं विमान चालवण्याच्या परवान्याचं, म्हणजे टाइप रेटिंगचं, कर्ज वेगळं, वर ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा कंपनीचा बाँड. नोकरी म्हणून पहिली कमाई हातात पडली तेव्हा बरोबरीचे मित्र बँकेत आणि एसटीत बारा-तेरा वर्षांचा पीएफ साठवून बसले होते. उशिरा सुरू झालेली ही नोकरी संपतेही लवकर, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

कायद्याने आपल्या देशात वैमानिकाला ६५ व्या वर्षापर्यंत प्रवासी विमान चालवता येतं. पण खरी नोकरी चालते ती एका मेडिकलपासून पुढच्या मेडिकलपर्यंत. २०२४ मध्ये मला अँजिओप्लास्टी करावी लागली आणि मी अनफिट झालो. एरवी मी ठणठणीत आहे, रोज सकाळी शेतापर्यंत चालत जातो. कारकुनाला अँजिओप्लास्टीनंतर महिन्याभराने खुर्ची परत मिळते. मला कॉकपिट मिळालं नाही.

पगाराचंही लोकांना नीट माहीत नसतं. चांगल्या महिन्यात माझ्या हाती तीन लाखांच्या वर येत. यात मूळ वेतन साठ हजार, बाकीचा बहुतेक उड्डाण भत्ता, तासांवर मोजलेला. जेवढं उडाल तेवढं मिळेल. आषाढात सांबऱ्यावर, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, ढग जमिनीला टेकतात, विमान हुबळीला किंवा गोव्याला वळतं नाहीतर रद्द होतं, आणि त्या महिन्याचा भत्ता गळतो. त्यातून छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेचे मार्ग. या योजनेत ठरलेल्या जागांसाठी तासाभराच्या प्रवासाचं भाडं अडीच हजार रुपये ठेवलं होतं आणि कंपनीची तूट भरून काढणारं अनुदान तीन वर्षांपुरतं होतं. ते संपलं की बरेच मार्ग बंद पडतात. बेळगावकरांनी हे सांबऱ्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रवाशांची गैरसोय बातमीत येते. त्याच मार्गावर तास भरणाऱ्या वैमानिकाचा पगार त्या महिन्यापासून खाली येतो, ते घरातच राहतं.

आता पीएफचं सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. कायद्याने पीएफ सक्तीने कापायची वेतनमर्यादा २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० रुपये आहे. माझ्या कंपन्यांनी त्याच मर्यादेवर पीएफ कापला. म्हणजे तेव्हापासून पगार तीन लाख असो की पन्नास हजार, माझे १,८०० आणि कंपनीचे १,८००. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात, पीएफ खात्यात ५५० उरतात. मूळ वेतनावर पीएफ कापा अशी मागणी मी रुजू होताना केली असती, तर माझ्या बाजूने महिन्याला ७,२०० जमा झाले असते. मी केली नाही. हातात जास्त येतंय ना, एवढंच पाहिलं.

पहिली कंपनी २०११ मध्ये बंद पडली. चार महिन्यांचा पगार आणि पाच वर्षांची ग्रॅच्युइटी आजतागायत मिळालेली नाही. शेताचे हप्ते थकले होते, तेव्हा मी पीएफ तर काढलाच, पेन्शन योजनेतली रक्कमही अर्ज भरून काढून घेतली. त्याऐवजी योजनेचं प्रमाणपत्र घेतलं असतं तर ती पाच वर्षं पुढच्या नोकरीत धरली गेली असती. पुसली गेली. दुसऱ्या कंपनीची ग्रॅच्युइटी मिळाली. तिसऱ्या कंपनीत चार वर्षं दोन महिने झाले आणि मी अनफिट ठरलो. पाच वर्षं भरली नाहीत म्हणून तिथली ग्रॅच्युइटी मिळाली नाही; खरं तर आजारामुळे ते काम करता येईनासं झालं तर कायद्यात पाच वर्षांची अट नाही.

त्यामुळे आज माझ्या पीएफ खात्यात पाच लाखांच्या आत रक्कम आहे. पेन्शनचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र वेतन (तेही त्या १५,००० च्या मर्यादेतलंच) गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. माझ्या हिशेबाने ५८ व्या वर्षापासून मला महिन्याला बावीसशे-तेवीसशे रुपये मिळतील. आणि २०१४ च्या सप्टेंबरनंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि १५,००० च्या वर पगार असलेल्या मुलांना तर या पेन्शन योजनेत प्रवेशच नाही. सत्कार झालेला तो मुलगा त्यातच येतो.

दर नोव्हेंबरला मी आईला घेऊन हयातीचा दाखला द्यायला कॅम्पातल्या बँकेत जातो. वडील गेल्यावर तिला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. रांगेत सगळे जुने जवान आणि त्यांच्या बायका, कोणाच्या हातात काठी, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. दहावी नापास झालेल्या, पंधरा-सतरा वर्षं शिपाईगिरी केलेल्या माणसाला तिथे मरेपर्यंत पेन्शन आहे आणि त्याच्यामागे बायकोला आहे. मागच्या नोव्हेंबरला रिक्षात बसताना आई म्हणाली, "तुझ्या बाबाचं पिन्शन मला पुरतंय. तुला कोण देनार रे?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. घरी येऊन पासबुकं काढून बसलो, तेव्हा वरचा हिशेब झाला.

हे फक्त माझ्या नशिबाचं रडगाणं आहे असं कोणाला वाटू नये. २०१२ मध्ये किंगफिशर बसली, २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट, २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट. यांतल्या कुठल्याच कंपनीत मी नव्हतो. पण मोठ्या कंपन्यांचं असं होतं तर पाच-सहा विमानांच्या कंपनीचं काय, याचा विचार पहिल्या पगारालाच करायला हवा.

म्हणून त्या मुलाच्या आई-वडिलांना आपल्या मार्फत कळकळीने सांगतो. सगळ्यात आधी शेतावरचं कर्ज फेडा, गाडी नंतर येईल. नेमणूकपत्र हातात आलं की पीएफ कशावर कापणार ते विचारा. मूळ वेतनावर कापत नसतील तर स्वतःच्या बाजूने स्वेच्छेने जास्त कापून घ्यायची सोय आहे, ती घ्या. कंपनी बदलली तर जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. लायसन्स गेल्यास पैसे देणारा विमा कंपनीचा असला, तरी तो नोकरीबरोबर संपतो. माझ्या बाबतीत तर पन्नाशीनंतर रक्कमही निम्मी झाली होती. स्वतःचा वेगळा विमा पंचविशीत घ्या, तेव्हा हप्ता परवडतो. आणि घरखर्च मूळ वेतनात बसवा. उड्डाण भत्ता हा पावसासारखा समजून साठवा.

एक गोष्ट बेळगावच्या माणसांसाठी खास. आपल्याकडे गल्लीगल्लीत सोसायट्या, म्हणजे पतसंस्था आहेत, रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात येतो, ओळखीचा असतो, नाही म्हणवत नाही. पिग्मी वाईट नाही, आमच्या आईने पिग्मीतून बहिणीचं लग्न केलं. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून मी दुसऱ्या कंपनीची सगळी ग्रॅच्युइटी अशा एका संस्थेत ठेवली. ती अजून अडकलेली आहे.

आपल्याला एक विनंती. अशा सत्काराच्या बातमीबरोबर, जमलं तर, त्या मुलाला नोकरीत पीएफ आणि विमा काय मिळणार आहे तेही छापा. आणि आमच्या भागातल्या कोणाचा मुलगा किंवा मुलगी विमान शिकायला निघाली असेल तर त्यांनी कडोलीला यावं. कर्जाचे कागद, पीएफची पासबुकं, विम्याची पॉलिसी, सगळं मी एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

आपला,
एक माजी वैमानिक, कडोली, ता. बेळगाव

(नाव छापू नये ही विनंती. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.)