बादलीतली झांज

देवगड,
आषाढ

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. इथे पाऊस असा लागलाय की पखवाज पार उतरलाय. गट्टे ठोकून चढवतो, डाव्या पुडीला कणीक लावतो, अर्ध्या तासात पुन्हा ढप्प. उन्हात ठेवावा तर ऊन कुठलं!

संमेलनवाल्यांनी ‘ना धड शास्त्रीय, ना धड जॅझ’ म्हणून तुमच्या बँडला नकार दिला, याचा तुला आलेला राग मला कळतो. गेल्या वर्षी डबलबारीत, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्यात, गजराला मी शिमग्याच्या ढोलाची चाल घुसडली, तर आमचेच बुवा पेटीवरचा हात उचलून म्हणाले, “काय वाजयतंस रे मेल्या? पालखी इली काय?” सगळा मांडव हसला. आणि खरं सांगू, हसण्यासारखंच होतं. गजर कुठे चाललाय हे न बघता मी आपली चाल आणून आदळली होती.

पण ‘आता तबला बांधून ठेवतो आणि सरळ ड्रमसेटवर बसतो’ हे तुझं वाक्य काही पटलं नाही. तेव्हापासून डोक्यात तालवादक त्रिलोक गुर्टू आहे. मुंबईत १९५१ साली जन्म, आई गायिका शोभा गुर्टू. म्हणजे घरात ठुमरी-दादरा आणि हाताखाली तबला. पाश्चात्त्य संगीत ऐकायला लागला तेव्हा रेकॉर्डवर आवाजावर आवाज चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. एकच माणूस हे सगळं वाजवतो असं समजून तो ते सगळे भाग शिकत बसला! अशा गैरसमजाला मी तर गुरूच म्हणेन.

पुढे ‘ओरेगॉन’ या गटाचा तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला आणि ती जागा त्रिलोकनं घेतली. मग गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर तिघांचा संच. १९८९ च्या लंडनमधल्या मैफलीची रेकॉर्ड मिळव आणि ऐक. पण त्याआधी १९८८ चा ‘उसफ्रेट’ ऐक. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम. त्यात ट्रम्पेटवाला डॉन चेरी आहे आणि आईसुद्धा गायलीय. आईला त्यानं शोभेला आणलेलं नाही. ती तिच्या रीतीनं गाते आणि बाकीचे तिच्याभोवती जागा करतात. माझं चुकलं होतं ते नेमकं इथेच, बुवांच्या गजराला मी जागाच ठेवली नव्हती.

आणि बसणं बघ त्याचं. ड्रमसेट घेतला, पण स्टुलावर चढला नाही. जमिनीवर, कधी अर्ध्या गुडघ्यावर बसतो. पायानं वाजवायचा ड्रमही नेहमीचा नाही, वेगळ्याच घडणीचा, आणि तबला ड्रमच्या घोळक्यातच मांडला. म्हणून म्हणतो, तबला बांधू नकोस. ड्रमच त्याच्याशेजारी खाली आण.

शेजारी पाण्याची बादलीही असते त्याच्या. झांजा आणि शिंपल्यांच्या माळा त्यात बुडवतो. परवा मी विहिरीवर करून बघितलं. झांज दोरीनं उंच धरायची, बोट लागलं की नाद मेला. ठोका द्यायचा आणि हळूच कड पाण्यात सोडायची. सूर मींड घेतल्यासारखा, न तुटता घसरत खाली उतरत जातो; पाण्याचा भार धातूला सांभाळावा लागतो ना, कंप मंदावतो. वर उचलली की सूर पुन्हा चढतो. पाचव्या-सहाव्या खेपेला असा लागला की अंगावर काटाच आला. शिंपल्यांची माळ मात्र जमली नाही. खायच्या तिसऱ्या असतात ना, त्यांच्या शिंपल्यांना खिळ्यानं भोकं पाडायला गेलो, निम्म्या फुटल्या.

चतुर्थीला येशीलच. रात्रीच्या भजनाला तबला घेऊन बस, पखवाजाचं मी बघतो. बुवांना आधी विचारून ठेवतो, यंदा परस्पर काही घालणार नाही. बादलीचं मात्र तुझ्यावर. आई म्हणते, झांज बुडवायची असेल तर दुसरी बादली विकत आणा, ही पाण्याची आहे.

तुझा,
बाबू