मंत्रिमहोदय, प्लेसमेंटचा आकडा नको, हातात पडणारा पगार सांगा

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागलो, तो गेली २७ वर्षं तिथेच प्रेस मशीनवर आहे. मंत्र्यांना पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. काही चुकलं-माकलं तर पदरात घ्यावं.

गेल्या रविवारी आमच्या शहरात रोजगार मेळावा झाला, त्याचं उद्घाटन आपण केलंत. यापुढे नाशिकच्या मुलांना नोकरीसाठी घर सोडावं लागणार नाही, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. मी मागच्या रांगेत मुलाबरोबर उभा होतो. त्याच्या हातात फाइल होती, फाइलीत बीई कॉम्प्युटरची पदवी होती. आपल्या वाक्याला मीही टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही टेबलांपुढून फिरलो. एका ठिकाणी विमा विकायला माणसं हवी होती. दुसऱ्या ठिकाणी थकलेल्या कर्जदारांना फोन करायला. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी बायोडाटा घेतला आणि गठ्ठ्यावर ठेवला, काही विचारलं नाही. चौथ्या टेबलावर जो बसला होता त्याला मी ओळखलं. आमच्याच कारखान्याला माणसं पुरवणारा ठेकेदार. ट्रेनी ऑपरेटर, महिना १३ हजार ५००, ओव्हरटाइम वेगळा. त्याने मुलाला विचारलं, "शिक्षण?" मुलगा म्हणाला, "बीई कॉम्प्युटर." तो म्हणाला, "चालेल."

साहेब, त्या "चालेल"नंतर मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

कारण या मुलाला कॉम्प्युटरला घातलं ते मी. २०१९ साली कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, त्याला मेकॅनिकल मिळत होतं. त्याचीही तयारी होती. मीच म्हणालो, माझ्यासारखं तेलात हात घालायचं नाही, एसीत बसायचं. कॉम्प्युटर हवं म्हणून संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा घेतली. त्या जागेला शिष्यवृत्ती नाही. फी वर्षाला १ लाख १० हजार. बँकेचं चार लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, कारण चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. सरकारची व्याजसवलत तेव्हा साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला होती. माझं उत्पन्न त्याच्या काही हजारांनी वर, म्हणजे तिथेही काही नाही.

२०२२ मध्ये तो शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात एक मोठी कंपनी आली. ३ लाख ६० हजारांचं ऑफर लेटर मिळालं. आम्ही कॉलनीत पेढे वाटले. २०२३ च्या जूनमध्ये तो पास झाला आणि जॉइनिंगची वाट बघायला लागला. मेल यायचे की लवकरच कळवू. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दुसरीकडे अर्ज करू नकोस, हातची जाईल, असं कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या सरांनीच सांगितलं होतं. कर्जाला कोर्स संपल्यावर एक वर्ष सूट असते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. वर्ष संपलं तेव्हा चार लाखांचे साडेपाच लाखांच्या घरात गेले होते आणि हप्ता बसला ९ हजार २००. कंपनीने त्यानंतर एक परीक्षा घेतली आणि दोन ओळींचा मेल पाठवला की सध्या गरज नाही.

मला वाटलं आपल्याच पोरात काही कमी असेल. मग पेपरांतून कळत गेलं. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांकडची माणसं मिळून जवळजवळ ६४ हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी १२ हजारांवर लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आणि याच सगळ्या काळात इंजिनिअरिंग कॉलेजांचं काय झालं? २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. म्हणजे कंपन्या माणसं कमी करतायत आणि कॉलेजं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवतायत. प्रेसवर माल उठत नसेल तर आमचा सुपरवायझर पुढचा लॉट थांबवतो. हे तुमच्याकडे कुणाचं काम आहे?

मी हे शोधायचा प्रयत्न केला. शिक्षण एका खात्याकडे, रोजगार दुसऱ्या, आयटी तिसऱ्या, एमआयडीसी चौथ्या. पत्र नेमकं कुणाला लिहायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मेळाव्याला आपण आला होतात, म्हणून आपल्याला लिहितोय.

२०२४ मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिन्याला १० हजार, सहा महिने, पुढे ते अकरा केले. मुलगा एका सरकारी कार्यालयात लागला. तिथे अर्जांच्या नोंदी जाड रजिस्टरांत होत्या, एक अर्ज शोधायला अर्धा तास जायचा. त्याने रात्री घरी बसून त्या नोंदींसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, दोन महिन्यांत सगळी रजिस्टरं त्यात चढवली. आता नाव टाकलं की अर्ज समोर येतो. त्याचं विद्यावेतन मधले तीन महिने आलंच नाही, विचारायला गेलं की वरून आलं नाही एवढंच उत्तर. अकरा महिने भरले त्या दिवशी त्याला एक प्रमाणपत्र दिलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. महिन्याभराने तिथल्या बाईंचा फोन आला, प्रोग्राम अडकलाय, जरा येऊन बघशील का? तो गेला. बसचं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढून गेला. मी त्याला रागावलो, तर म्हणाला, "बाबा, माझं चालतं काम एवढं एकच आहे."

याला तुम्ही रोजगार म्हणून मोजलंत ना? मोजला असणारच.

आता पगाराचं बोलू, कारण मूळ दुखणं तिथे आहे. माझ्या मेहुण्याचा मुलगा २०११ मध्ये पुण्याला आयटीत लागला, पॅकेज ३ लाख २५ हजार. तेव्हा सोनं तोळ्याला २५-२६ हजार होतं, आता लाखाच्या पुढे गेलंय. पेट्रोल सत्तरीच्या आसपास होतं, आता शंभरावर आहे. आणि नव्या मुलाचं पॅकेज ३ लाख ६० हजार! २०२४ मध्ये तर कॉग्निझंटची २ लाख ५२ हजारांची जाहिरात आली, देशभर ओरड झाल्यावर कंपनीने खुलासा केला की हे तीन वर्षांच्या पदवीवाल्यांसाठी आहे, इंजिनिअरला चार लाखांपासून पुढे देतो. माझी भाची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे. तिने तो खुलासा वाचून मला विचारलं, "मामा, म्हणजे मी २१ हजारांचीच?"

आणि हे ३ लाख ६० हजार तरी कुठे हातात येतात? महिन्याचे ३० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ जातो, ग्रॅच्युइटी जाते, विमा जातो, ते सगळं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ, २०० रुपये व्यवसाय कर. राहतात २५ हजार. हिंजवडीला कॉट बेसिसवर सात-आठ हजार, मेस साडेतीन-चार हजार, येणं-जाणं, मोबाइल, आणि आमचा हप्ता ९ हजार २००. आजारी पडायलासुद्धा उरत नाही. ही त्याची गोष्ट, ज्याला नोकरी लागली.

नोकरी न लागलेल्यांचं पुण्यात काय चाललंय हे आपल्याला माहीत आहे का? क्लासवाले ४५ हजार घेऊन फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटचं सगळं प्रोग्रामिंग, शिकवतात. त्याच्या पुढे दुसरे लोक आहेत, ते लाखभर घेऊन तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी कागदपत्रं करून देतात, कारण फ्रेशर म्हटलं की बायोडाटा कुणी उघडतच नाही. मुलाच्या वर्गातल्या दोघांनी हे केलं. एक जण आठ महिन्यांनी चौकशीत पकडला गेला आणि एका दिवसात बाहेर. दुसरा अजून आहे, चांगला पगार घेतोय, पण ऑफिसमधून अनोळखी नंबरचा फोन आला की घाबरतो. मी सत्तावीस वर्षं कारखान्यात एक नट इकडचा तिकडे केला नाही. पण साहेब, एका रात्री मी पासबुक काढून बघितलं होतं की लाख रुपये निघतात का. बायकोने पासबुक हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. त्या रात्रीची लाज मला अजून आहे आणि ती मला कुणामुळे आली हे मी विसरलेलो नाही.

आता नाशिकचं. अंबडला एमआयडीसीने आयटीसाठी इमारत बांधली होती. मी कामावर जाताना ती बघत आलो, वर्षानुवर्षं ओस. मग आडगावला आयटी पार्क होणार म्हणाले. मग राजूर बहुला. २०२१ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोला २ हजार ९२ कोटी असं भाषणात वाचलं, एक खांब उभा राहिला नाही. पुणे-नाशिक रेल्वे इतकी वर्षं ऐकतोय, तिचा मार्ग कधी इकडून तर कधी तिकडून. कंपन्या म्हणतात माणसं नाहीत, माणसं म्हणतात कंपन्या नाहीत, आणि दोघांच्या मध्ये आमच्या द्वारका चौकाचा ट्रॅफिक जाम. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे म्हणून रस्त्यांना तारीख आहे, घाटांना तारीख आहे. मुलांच्या कामाला तारीख का नाही? गोदावरीत डुबकी मारायला येणाऱ्यांची काळजी घ्या, जरूर घ्या, आमचंही ते पुण्य आहे. पण इथे जन्मलेली मुलं रविवारी रात्री पुण्याच्या शिवशाहीला उभ्याने लटकतायत, त्यांच्याकडेही बघा.

एआयने नोकऱ्या गेल्या, असं आता सगळे म्हणतात. असेल. माझ्या मुलाची ऑफर रखडली तेव्हा हे कारण कुणी दिलं नव्हतं.

मी मागायला काय बसलो होतो आणि कुठे गेलो. मुख्य मागणं एकच आहे.

मुलाच्या कॉलेजने त्याच्या वर्षाचा फलक लावला होता, प्लेसमेंट ९२ टक्के. सर्वांत मोठं पॅकेज ठळक अक्षरांत, शेजारी ते मिळवणाऱ्या मुलीचा फोटो. मी मुलाच्या ग्रुपवर एकेकाला विचारून वहीत मांडलं. वर्गात ६८ जण. कॉलेजने मोजलेली ऑफर लेटर ६३. त्यातली बरीच दोन-दोन ऑफरवाल्यांची, ती दोनदा मोजली. खरोखर रुजू झाले २६. आज आयटीत आहेत १९. माझ्या मुलाची मागे घेतलेली ऑफरसुद्धा त्या ९२ टक्क्यांत आहे. फलक अजून आहे. दर जूनला माझ्यासारखे बाप त्याच्याखाली उभं राहून कर्जाचा विचार करतात.

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजांना मध्यम पगार द्यावा लागतो, म्हणजे रांगेत सगळ्यांना पगारानुसार उभं केलं तर मधोमध जो उभा राहील त्याचा. हे मला मुलाने समजावून सांगितलं. पण क्रमवारीत भाग घ्यायचा की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर. आणि तो आकडा कुठल्या फलकावर मी पाहिलेला नाही. प्रवेश तर राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात, कॅप राउंड तुमचे आहेत. मुलगा ज्या पानावर कॉलेजचा कोड भरतो, त्याच पानावर त्या कॉलेजच्या त्या शाखेचे तीन आकडे लिहायला लावा. किती मुलं प्रत्यक्ष रुजू झाली. वर्षभराने किती जण कामावर आहेत. मधल्या मुलाच्या बँक खात्यात महिन्याला किती जमा होतात. तोच नियम तुमच्या रोजगार मेळाव्यालाही लावा, किती जण आले याचा फोटो छापता तसं सहा महिन्यांनी किती जण टिकले ते छापा. खोटा आकडा देणाऱ्या कॉलेजच्या जागा कमी करा. याला जमीन लागत नाही, कोट्यवधी लागत नाहीत, भूमिपूजन लागत नाही.

ज्या ऑफरवर मुलाला दुसरीकडे जाऊ देत नाहीत, ती मागे घेणाऱ्यालाही काही भुर्दंड हवा. बाँड मुलाकडून लिहून घेतात, दोन-दोन वर्षांचा. कंपनीकडून काहीच नाही. हे कायद्यात कसं बसवायचं ते तुमच्याकडे शिकलेले अधिकारी आहेत, ते बघतील.

मुलाने ठेकेदाराला होकार कळवलाय. सोमवारपासून पहिली पाळी. गेटपाससाठी फोटो काढून आला. माझी पाळी याच आठवड्यात बदलून दुसरी होतेय, म्हणजे दुपारी तीनला तो बाहेर पडेल आणि मी आत जाईन.

काल आमच्या शेजारची मुलगी आली होती. सीईटीला चांगले पर्सेंटाइल पडलेत. विचारत होती, "काका, कॉम्प्युटर घेऊ का?" तिचे वडील रिक्षा चालवतात. मी तिला म्हणालो, थोडं थांब, मी मंत्र्यांना एक गोष्ट विचारली आहे. तिचं ऑप्शन फॉर्म भरायचं काही दिवसांवर आलंय. त्याच्या आत उत्तर पाठवावं.

आपला,
एक प्रेस ऑपरेटर
सिडको, नाशिक