ऑल्टोच्या रांगेतला गंधार

पुणे, १६ मे

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

क्वायरच्या, म्हणजे तुमच्या समूहगानाच्या, शिबिरात तुमचे फोन जमा करून घेतले, हे बरंच झालं. निदान पत्र लिहायचं निमित्त मिळालं. रियाचे बाबा उद्या पाचगणीला यायला निघताहेत, त्यांच्याबरोबर हे पाकीट पाठवतोय.

परवा स्वारगेटला बस सुटता सुटता तू म्हणालीस, "बाबा, सोलो मला नाही मिळाला. मी मागच्या रांगेत उभी राहून नुसतं आ-ऊ करणार. तेवढ्यासाठी एवढे पैसे घालून वेल्सला कशाला जायचं? त्यापेक्षा बारावीचा अभ्यास करते." तिथे गर्दीत काय बोलणार? पण तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. सोलो न मिळाल्याचं वाईट वाटतंय ना, ते वाटू दे. तू वर्षभर त्यासाठी गळा तयार केलास, आम्ही घरात रोज ऐकत होतो. "नुसतं आ-ऊ" हे मात्र मला मान्य नाही, आणि ते का हे जरा सविस्तर सांगायचं आहे.

मार्चमध्ये मी एकदा तुला न्यायला लवकर आलो होतो. कॅम्पातल्या त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तुमच्या मॅडमनी गाणं थांबवलं होतं आणि एकच जागा घोटून घेत होत्या. आधी बेसच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या मुलांना षड्ज धरायला सांगितला, मग सगळ्यात वरच्या आवाजाच्या सोप्रानोंना वर पंचम. दोन्ही सूर अगदी स्वच्छ लागले, तरी ऐकताना काहीतरी पोकळ वाटत होतं. रागाचं नाव काढावं असं त्यात काहीच नव्हतं. मग मॅडमनी तुमच्या रांगेकडे बोट केलं आणि तुम्ही ऑल्टोंनी, मधल्या आवाजाच्या मुलींनी, गंधार लावलात. हॉलचा सगळा नूरच बदलला. लगेच त्यांनी तुम्हाला कोमल गंधार लावायला सांगितला. बेस जागेवर, सोप्रानो जागेवर, आणि तरी मघाशी उजळलेलं सगळं एकदम उदास झालं. हे करणाऱ्या तुम्ही मोजक्या मुली होतात. पुढच्या रांगेतल्या कुणालाही ते करता आलं नसतं, कारण त्यांच्या हातात तो सूरच नव्हता.

नंतर मॅडम तुम्हाला म्हणाल्या, "पियानोवर वाजतो तो गंधार विसरा, थोडा उतरवा." तुम्ही उतरवलात आणि सूर असा काही जुळला की मला आपल्या आजीचा मिरजेचा तानपुरा आठवला. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. आजी त्याला स्वयंभू गंधार म्हणते, कारण तो कुणी छेडलेला नसतो. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भागांनी. सोबतीला वाद्य नसेल तेव्हा चांगला क्वायर आपसूक त्या तानपुऱ्यातल्या गंधारावर येतो, म्हणजे चांगल्या ऑल्टो त्याला तिथे आणतात. तू लहानपणी आजीच्या मांडीवर बसून तो सूर ऐकलायस. आज तुझ्या रांगेत ज्याची गरज आहे तो कान तुला तिथूनच मिळालाय.

आता वेल्सचं. तुमचा महोत्सव जिथे आहे ते लँगॉलेन हे डी नदीकाठचं तीन-चार हजार वस्तीचं गाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी ठरवलं की देशोदेशीच्या गाणाऱ्यांना आपल्याकडे बोलवायचं. १९४७ मध्ये पहिला महोत्सव झाला. तेव्हा युरोपात धड प्रवासही करता येत नव्हता. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप होता, तर हंगेरीचे कामगार गायक वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत पोहोचले. १९४९ मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकचा क्वायर आला. युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झालेली, समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतली माणसं त्या युद्धात गेलेली. तरी त्या जर्मन गायकांचं तिथे मनापासून स्वागत झालं. अशा मंडपात तुम्ही जुलैमध्ये उभे राहणार आहात.

१९५५ मध्ये त्याच महोत्सवात इटलीतल्या मोडेना गावचा पुरुषांचा क्वायर आला होता. त्यात फर्नांडो पावारोत्ती नावाचे एक बेकरीवाले गायला उभे होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा लुचानो. त्या क्वायरला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे जगभर गाजलेला तो लुचानो नंतर नेहमी सांगायचा की गाणंच करायचं हे त्या अनुभवामुळे पक्कं झालं. १९९५ मध्ये, चाळीस वर्षांनी, तो मुद्दाम परत येऊन तिथे गायला. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच विचारात होतो. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर एकट्याने स्टेडियमं भरवली, त्याला गाण्याकडे ओढणारा दिवस बापाबरोबर सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून गायल्याचा होता.

(मला तुमच्या क्वायरमध्ये कोण घेणार? पण मंडपात शेवटच्या रांगेचं तिकीट मिळालं असतं तर मी आलो असतो, एवढं खरं.)

तिथल्या श्रोत्यांबद्दलही सांगून ठेवतो, कारण ते तुझ्या कामाचं आहे. वेल्समध्ये चार आवाजांत गाणं ही फक्त शिकलेल्या गायकांची गोष्ट नाही. चॅपेलमध्ये प्रार्थनेला जमलेली साधी माणसं, खाणीत काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तसं गात आली आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले असंख्य लोक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) न शिकता टॉनिक सोल्फाच्या, म्हणजे आपल्या सा-रे-ग-मसारख्या, अक्षरांवरून गायला शिकले. त्या पद्धतीतला 'डो' आपल्या षड्जासारखाच हवा तिथे धरता येतो. म्हणजे समोर बसलेल्या एखाद्या आजोबांना तुझी ऑल्टोची ओळ वेगळी काढून ऐकता येईल. आपल्याकडे मैफलीत सम चुकली की पहिल्या रांगेतला जाणकार मान वर करतो ना, तितकंच तयार कान असलेले लोक तिथे मधल्या आवाजांसाठी बसलेले असतात. तुमचा अभंग त्यांनी कधीच ऐकलेला नसेल, पण त्यातला तुमचा गंधार त्यांना बरोबर कळेल.

पैशांचं. तू ते बोललीस म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय माझा आणि आईचा आहे. तिकिटाचे आणि व्हिसाचे पैसे आम्ही बाजूला ठेवलेत, कर्ज काढलेलं नाही. उरलेल्यातला मोठा भाग तुमच्या डिसेंबरच्या कार्यक्रमातून जमलाय, तो तुम्ही गाऊन मिळवलेला आहे. आणि क्वायर आणि पैसा यांचं नातं जुनंच आहे. व्हिएन्नाच्या मुलांच्या क्वायरची मुळं १४९८ पर्यंत जातात, सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या दरबारापर्यंत. १९१८ मध्ये साम्राज्य गेलं आणि पोसणारा दरबारच उरला नाही. १९२४ मध्ये एका धर्मगुरूंनी स्वतःच्या हिमतीवर तो पुन्हा उभा केला आणि खर्च भागेना म्हणून १९२६ पासून बाहेर कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध दौरे करणारा क्वायर घराबाहेर पडला तो पैशांच्या अडचणीतून. आज त्यांचे चार संघ आहेत, वर्षाला मिळून तीनशेच्या आसपास कार्यक्रम होतात.

आपल्या देशातही हे नवीन नाही. कलकत्ता यूथ क्वायर १९५८ चा, रूमा गुहा ठाकुरतांनी उभा केलेला. १९७४ मध्ये कोपनहेगनच्या युवक महोत्सवात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, तेही आपल्याच भाषांतली गाणी गाऊन. २०१० मध्ये शिलाँग चेंबर क्वायरने चीनमधल्या शाओशिंगला वर्ल्ड क्वायर गेम्समध्ये सुवर्णपदकं मिळवली. पुण्यातून तुम्ही निघालात तर त्या वाटेवर आधी गेलेली माणसं आहेत.

बारावीचं म्हणशील तर सुमनआत्याचा फोन मलाही आला होता. तिची काळजी खरी आहे, तिच्यावर रागावू नकोस. दौरा जुलैतला आहे आणि परीक्षा फेब्रुवारीत. क्लासचे जेवढे तास बुडतील त्यांच्या नोट्स मी आत्तापासून गोळा करायला सांगितल्या आहेत. केमिस्ट्रीचं म्हणशील तर ते तू घरी असतानाही सतत पुढे ढकलतेस, त्याचा वेल्सशी संबंध नाही.

आईच्या मनात वेगळीच भीती आहे, ती तुला बोलून दाखवणार नाही. मी उत्साहाने तिला एक गोष्ट सांगितली आणि ती दोन दिवस गप्प होती. १९३९ मध्ये व्हिएन्नाचा दुसरा एक क्वायर, मोझार्टच्या नावाचा, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. वीसेक मुलं. दौरा संपता संपता युद्ध सुरू झालं आणि मुलं ऑस्ट्रेलियातच अडकली. मेलबर्नच्या आर्चबिशपनी त्यांना कॅथीड्रलमध्ये गायला ठेवलं, कुटुंबांनी घरी सांभाळलं. बरीच मुलं पुढे तिथलीच झाली. आई म्हणाली, "त्यांच्या आयांचं काय झालं असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच गोष्टीतलं मला जे दिसतं ते तिलाही सांगितलं, तुलाही सांगतो. परक्या शहरात, शत्रूदेशातून आलेल्या त्या मुलांना लोकांनी घरात घेतलं, कारण आधी त्यांचं गाणं ऐकलं होतं. तुम्हालाही तिथे काही दिवस लोकांच्या घरी राहायचं आहे. त्या घरात मदतीला उठ, ताट उचल, आणि त्यांनी गा म्हटलं तर लाजू नकोस. तिथे एकटीने गायलीस तरी चालेल.

आणखी एक, हे अगदी व्यवहाराचं. दौऱ्यावर गळे बसतात ते स्टेजवर नाही, बसमध्ये. अंताक्षरी, आरडाओरडा, रात्री दोनपर्यंत गप्पा, मग सकाळी रिहर्सलला आवाज फुटत नाही. विमानातली हवा फार कोरडी असते, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. चहा कमी. ज्येष्ठमधाची काडी जवळ ठेव. आणि खोकला आला तर मॅडमना लगेच सांग. गळा दुखत असताना जोर लावून गाण्यापेक्षा एक कार्यक्रम नुसते ओठ हलवून काढलेला चालतो, शेजारच्या मुली सांभाळून घेतात. एकीचा श्वास संपला की दुसरी सूर धरून ठेवते आणि ऐकणाऱ्याला सूर कुठेच तुटलेला कळत नाही, हे तुम्ही रोजच करता ना. सोलोवाल्या श्रेयाला ती सोय नाही. तिला तिचा श्वास तिनेच पुरवायचा आहे आणि तिच्या खालचा आधार तुम्ही द्यायचा आहे. तिच्याशी नीट बोल. शाळेपासूनची मैत्रीण आहे तुझी, आणि तिलाही आत्ता भीती वाटत असणार.

सहभागाचा फॉर्म सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. माझी सही करून तो पाकिटात ठेवलाय, तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. जायचं नाही असं ठरवलंस तर मी तुला एका शब्दाने बोलणार नाही आणि पैसे तुझ्या पुढच्या शिक्षणाला ठेवू. पण ठरवण्याआधी एक कर. पुढच्या रिहर्सलमध्ये मॅडमना विचारून दहा मिनिटं ऑल्टोच्या बाहेर येऊन समोर बस. बाकीच्यांना तुझ्या रांगेशिवाय तो अभंग गाऊ दे आणि नीट ऐक.

शनिवारी आई आणि मी तुला घ्यायला येतो. वाईला थांबून जेवू, मग घरी.

तुझे
बाबा

ता. क. पासपोर्टवर तुझं आडनाव आणि मॅडमच्या यादीतलं आडनाव यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. रियाच्या बाबांना दाखवलंय, तूही मॅडमना आठवण कर. तिकिटं काढायच्या आधी ते दुरुस्त व्हायला हवं.