पक्षी मोजले, पाणी मोजायचे राहिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात पक्षीगणना होते, महाविद्यालयांची मुले प्रकल्पासाठी येतात. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तशी घोषणा 2020 च्या जानेवारीत झाली. विद्यापीठ आणि वन्यजीव विभाग यांनी मिळून काम करायला जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही. पण एका हंगामाचा प्रबंध ग्रंथालयात जाऊन पडतो आणि अभयारण्याच्या कार्यालयात त्यातले काहीच उरत नाही, अशा भागीदारीने व्यवस्थापनाच्या हाती काय लागते?

मुळात हा जलाशय म्हणजे गोदावरी-कादवेच्या पाण्यावर बांधलेल्या बंधाऱ्याचा फुगवटा. वरच्या धरणांतून आवर्तन सुटले की पातळी चढते, डाव्या-उजव्या कालव्यांना पाणी दिले की उतरते. तुतवार बोट-दोन बोटे पाण्यात चरतो, शेकाट्या वीतभर पाण्यापर्यंत जातो, थापट्या उथळ पाणी चोचीने गाळत फिरतो. वारकरी मात्र बुडी मारून खातो, त्याला खोल पाणीही चालते. पातळी वीतभर चढली तरी चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतवार आसपासच्या शेतांत पांगतात. नोंदवहीत मात्र 'संख्या घटली' एवढेच येते. म्हणून गणनेच्या प्रत्येक तक्त्यावर त्या सकाळची आणि आधीच्या सात दिवसांची बंधाऱ्यावरची पातळी लिहिलेली हवी. हा आकडा जलसंपदा विभागाकडे असतो, तेव्हा विद्यापीठ आणि वन्यजीव विभाग यांच्या करारात तिसरा भागीदार म्हणून तो विभाग घ्यावाच लागेल.

गणनेची ठिकाणे कायमची ठरवून जीपीएसने नोंदवावीत. सूर्योदयापासून तीन तासांत, सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजणी व्हावी. एकाने दुर्बिणीतून पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. मोठ्या थव्यात आधी 50 पक्षी नीट मोजून तेवढा ठोकळा नजरेत बसवावा आणि मग पुढे सरकावे; नवखा माणूस मोठा थवा हटकून कमी मोजतो. शिकारी पक्षी वरून गेला आणि थवा उठला, तर वेळ आणि दिशा लिहावी, नाहीतर तेच पक्षी पुढच्या ठिकाणी पुन्हा मोजले जातात.

पाण्याच्या तपासणीत याहून मोठी चूक होते. विद्यार्थी दुपारी पोहोचतात, बाटली भरतात आणि विरघळलेला प्राणवायू उत्तम निघतो. निघणारच, कारण भर उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असते. रात्रभर तेच शेवाळ, जलपर्णीखाली कुजणारा पाला आणि वरून येणारे सांडपाणी मिळून तो संपवतात. मासे गुदमरतात ते पहाटे. खरे मोजमाप सूर्योदयापूर्वीचे, आणि मीटर त्याच सकाळी जुळवून घेतलेला हवा. बाटलीने नमुना घ्यायचा तर आत एकही बुडबुडा राहता कामा नये; प्राणवायू बांधून ठेवणारी मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही रसायने काठावरच घालावीत. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू लागतो, त्या मापाचा) नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत लावावा. हे जमण्यासाठी मुक्कामाची सोय लागते आणि ती वन्यजीव विभागच करू शकतो.

आमची मागणी अशी, की करार किमान पाच वर्षांचा असावा. मूळ नोंदींची प्रत दर हंगामाअखेर मराठीत परिक्षेत्र कार्यालयात जमा व्हावी. ती दिल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या परवानगीची शिफारस होऊ नये. वनरक्षकांची बदली होते, नोंदवही तिथेच राहते. उलट वन्यजीव विभागाने व्यवस्थापन आराखड्यातले आपले प्रश्न विद्यापीठाला आधी लिहून द्यावेत. जलपर्णी कुठून काढायची, हा त्यातला पहिला. प्रवाहाच्या खालच्या अंगाने सुरुवात केली तर वरचे तरंगते गालिचे आठवड्यात तिथेच येऊन बसतात. काढलेली जलपर्णी पूररेषेच्या आत टाकली तर पावसाळ्यात परत पाण्यात.

अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खालची परवानगी लागते आणि पक्षी पकडून ओळखीसाठी पायात कडी घालायची तर वेगळी मंजुरी. नोव्हेंबरात काम सुरू करायचे असेल तर अर्ज जूनमध्येच गेला पाहिजे. प्रकल्पांचे विषय मात्र कॉलेज सुरू झाल्यावर ठरतात. ते एप्रिलमध्ये ठरवावेत, एवढा बदल नाशिकच्या महाविद्यालयांनी येत्या वर्षीच करावा.

– पाणथळ पक्ष्यांचे काही अभ्यासक, नाशिक