शिरपूरच्या मित्रास, मोपाच्या सड्याखालून

कासारवर्णे, पेडणे
गोवा

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी चतुर्थी, मग भाताची कापणी, त्यात परतीच्या पावसाने रडवलं. पण खरं कारण वेगळं आहे. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, ‘आमची धावपट्टी म्हणजे कापसाच्या शेजारचा डांबरी पट्टा, तुझ्या तर उशालाच आंतरराष्ट्रीय विमानतळ, चैन आहे बुवा’, त्यावर भांडायचं होतं आणि भांडायला निवांत वेळ लागतो.

अरे, मला तुझा हेवा वाटतो. शिकाऊ पोरं सेसनाची छोटी विमानं घेऊन सकाळपासून त्याच वर्तुळात घिरट्या घालतात, निंदणीला आलेल्या बायका नुसत्या आवाजावरून ‘हा नवा दिसतोय’ म्हणतात, आणि तुझा शेजारी कापसावर फवारणी करण्याआधी धावपट्टीवरच्या वाऱ्याच्या पिशवीकडे बघून घेतो, हे वाचून मी घरात सगळ्यांना ते वाचून दाखवलं. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उडावं लागतं म्हणजे त्या पोरांचं किती आयुष्य तुमच्या पिकांच्या डोक्यावर जात असेल! तुमच्या जवळच्या थाळनेरला फारुकी सुलतानांची राजधानी होती, तापीच्या काठावर अजून त्यांच्या कबरी आहेत. एवढा जुना शेतकरी मुलूख, आणि त्याने विमान असं सहज अंगवळणी पाडून घेतलंय.

आमच्याकडे तसं झालं नाही. ५ जानेवारी २०२३ पासून आमच्या सड्यावरच्या मोपा विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची. तुझ्या सेसनाला उडायला अर्धा किलोमीटर पुरतो, म्हणजे या एका पट्टीत तिच्या तशा सात धावा मावतील. पण आमच्यातल्या कुणाला विचार, आत्ता डोक्यावरून गेलं ते विमान कुठलं, कुठे चाललं? कुणाला ठाऊक नाही. त्या विमानाला खाली कासारवर्णे आहे की चांदेल, याच्याशी कर्तव्य नाही, मग आम्ही तरी कशाला मान वर करायची? छोट्या धावपट्टीला गावाची गरज लागते, चहाला, राखणीला, गवत कापायला, वाट चुकलेलं ढोर हाकलायला. मोठीला फक्त जमीन लागते.

ती जमीन कशी होती हे तू पाहिलंयस, पण तेव्हा मे महिना होता आणि तू ‘नुसता कातळ’ म्हणून मोकळा झालास. पावसाळ्यात यायला हवं होतंस. जांभ्या दगडाचा सडा, वरून रखरखीत. पण पाऊस पितो तो हाच, आणि मग कडेच्या उतारांवर झरे होऊन सोडतो. त्या झऱ्यांवर खालच्या कुळागरांच्या पोफळी उभ्या. मिरगानंतर वर गुरं चरायला, पहिल्या सरींत तायकिळ्याची भाजी, पुढे रोणावरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी. मार्चमध्ये काजू. बोंडं तुडवून काढलेला रस, भाटीचा धूर, आणि पहिल्या धारेची काजूची दारू, हुर्राक, ज्याची चव तुला अजून आठवते असं तूच लिहितोस. शेती खाली, सरद आणि वायंगण, म्हणजे पावसाळी आणि उन्हाळी भात. पण घरात रोख पैसा यायचा तो सड्यावरूनच. कागदावर मात्र तो पडीक. पडीक म्हटलं की विषयच संपला.

विषय तसा सहज संपला नाही म्हणा. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमानतळाची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती, कारण पर्यावरण अहवालात जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. पन्नास हजारांहून जास्त झाडांचा हिशेब त्या खटल्यात निघाला. आमच्या काकांचं म्हणणं, झाडं मोजायला कोर्टापर्यंत जावं लागलं यातच सगळं आलं. काका कडू बोलतात, पण त्यांची काजूची बाग त्यातच गेली आणि ती जमीन कागदोपत्री त्यांची कधीच नव्हती. भाटकार, म्हणजे जमीनमालक, एकीकडे, कूळ दुसरीकडे, मोबदल्याची फाईल तिसरीकडे. त्याबद्दल पत्रात नको, भेटल्यावर.

तुला विमानांच्या जुन्या गोष्टी आवडतात म्हणून एक सांगतो. गोव्यातही एकेकाळी छोटा विमानतळ होता. आजचं दाबोळी. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी कडक केली तेव्हा पोर्तुगिजांनी इथलीच एक विमान कंपनी काढली आणि हेरॉनसारखी छोटी विमानं दमण, दीव, कराचीकडे धावू लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आमच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पंजाबहून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडले. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक आम्हाला शाळेच्या सहलीत दाखवलं जायचं. त्याच वर्षाची ही विमान कंपनी मात्र कुणी कधी सांगितली नाही. तो विमानतळ शेतकऱ्यासाठी नव्हताच, वेढ्यातलं राज्य तगवण्यासाठी होता. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टी फोडली, तरी रात्री कसेबसे खड्डे बुजवून दोन विमानं कराचीला निसटली. पुढे तो नौदलाकडे गेला, आणि १९८७ पासून चार्टर विमानांनी पर्यटक उतरू लागले. पेडण्याच्या माणसाला दाबोळी म्हणजे गल्फला जाणाऱ्या मुलाला सोडायला जायची जागा, एवढंच.

म्हणून कधी कधी वाटतं, सड्याचा एक कोपरा घेऊन तुमच्यासारखी लहान धावपट्टी झाली असती तर? प्रशिक्षण शाळा, गंभीर रुग्णाला न्यायला एखादं विमान, बाकी गुरं आणि काजू जागच्या जागी. मान्य आहे, हे स्वप्नरंजन आहे. छोट्या विमानांचं पेट्रोल वेगळं, ते सगळीकडे मिळत नाही; आणि आमच्या पावसात सेसना चार महिने झाकूनच ठेवावी लागली असती. तू हसशील. हस.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील की हा नुसता रडतो. भाचा तिथे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर लागलाय. पाळी रात्रीची, पण पगार वेळेवर, आणि त्याला काजूच्या भाटीत काडीचा रस नव्हता हेही खरं. टॅक्सीवाल्या पोरांनी आंदोलनं करून आपली जागा मिळवली. रस्ते रुंद झाले, म्हापशाला जाणं सोपं झालं. जमिनीचे भाव तर विचारू नकोस, आमच्याकडे आता शेतापेक्षा दलाल जास्त. माल पाठवायचं म्हणशील तर मानकुराद आंब्याला आणि हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय, विमानातून जाईल अशी भाषणंही झाली. पण मानकुरादची साल नाजूक, आणि हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारातच डझनाला असा भाव येतो की तो विमानात चढवायचा कशाला?

एक गंमत राहिली. सड्यावर वीज पडते हे आमच्या गुराख्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत. वळिवाचे ढग दिसले की ते गुरं घेऊन खाली. २०२४ च्या मे महिन्यात धावपट्टीच्या कडेचे दिवे विजेने गेले आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली. काकांनी पेपर मला वाचायला लावला, दोनदा.

बरं, कामाचं. पेडण्याची पुनव, म्हणजे आमची कोजागरीची जत्रा, जवळ आली की कळवतो. या वेळी वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. विमानाने आलास तर मोपाचंच तिकीट काढ, दाबोळीचं काढलंस तर टॅक्सीचं भाडं तूच भर. येताना खानदेशी कळण्याचं पीठ आण, आईने दोनदा आठवण केलीय. आणि तुझ्या त्या शिकाऊ पोरांपैकी पहिल्यांदाच एकट्याने उडालेल्या मुलीचं पुढे काय झालं ते लिही. तू अर्धंच लिहून सोडलंस.

तुझा,
सुधाकर