पद्धत नंतर ठरवा, आधी डॉक्टर कोण ते विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली केसरोपणाच्या मोठमोठ्या जाहिराती येतात, म्हणून हे पत्र. मी नाशिकमध्ये सलून चालवतो. लग्नाच्या वयाची मुले खुर्चीत बसली की या जाहिरातींतलेच शब्द विचारतात. "काका, एफयूई करू की डीएचआय? सफायरचा रिझल्ट भारी येतो म्हणतात." मी डॉक्टर नाही. पण रोपण करून आलेली डोकी पुढे वर्षानुवर्षे माझ्याच हाताखाली असतात आणि जाहिरातीच्या फोटोत कधीच न येणारी मागची बाजू मला रोज दिसते.

रोपणात डोक्यामागचे केस मुळांसकट काढून टकलावर बसवतात, आणि या सगळ्या नावांमागे ते केस काढायचे मार्ग मुळात दोनच आहेत. एफयूटीमध्ये डोक्याच्या मागून कातडीची अरुंद पट्टी काढतात, टाके घालतात आणि त्या पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट केसांचा छोटा पुंजका, वेगळा करतात. एफयूईमध्ये एक मिलिमीटरच्या आसपासच्या पोकळ पंचने ग्राफ्ट एकेक करून उचलतात. डीएचआय हा तिसरा मार्ग म्हणून विकला जातो, पण त्यातही ग्राफ्ट एफयूईनेच काढतात, फक्त ते पेनसारख्या उपकरणाने बसवतात. सफायर म्हणजे तर ग्राफ्टसाठी चीर पाडायचे पाते. पेनचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. असलेल्या केसांच्या मधे मधे भरायचे असेल, तर तो सोयीचा पडतो. पण त्या एका नावावर भाव भरमसाट वाढतो, हे मुलांना कोणी सांगत नाही.

एफयूटी आता जुनी झाली, असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. एका बैठकीत जास्त ग्राफ्ट हवे असतील आणि केस थोडे लांब ठेवायची सवय असेल, तर ती आजही चांगली पद्धत आहे. तिची किंमत म्हणजे व्रण. मशीनला एक नंबर लावून मागून फिरवली की एका कानामागून दुसऱ्या कानामागे गेलेली पांढरी रेघ उघडी पडते. अशी गिऱ्हाइके बसतानाच सांगतात, "मागे कात्रीनेच घ्या." ज्याला बारीक केस किंवा फेड (बाजूंना आणि मागे खाली बारीक होत जाणारा कट) ठेवायचा आहे, त्याला एफयूई बरी. तिचे ठिपके सहसा नजरेत येत नाहीत. मात्र हात राखून काढले तरच. अधाशीपणे काढलेले डोके मी पाहिले आहे. ओल्या केसांत कंगवा उभा धरला की दातांमधून कातडी दिसते, आणि तिथे मी कितीही जपून कापले तरी ते झाकता येत नाही.

मागचे केस ही ठेव आहे आणि तिला व्याज लागत नाही. काढलेला ग्राफ्ट मागे परत उगवत नाही. शिवाय जे केस सहसा टिकतात, ते मागच्या मधल्या पट्ट्यातले. आकडा गाठण्यासाठी त्याच्या फार वरून किंवा मानेजवळून उचलले, तर ते केस पुढे बसवल्यावरही कालांतराने गळू शकतात. आकड्यांचीही एक गंमत चालते. एका ग्राफ्टमध्ये एकपासून चारपर्यंत केस असतात. एक जण 'सहा हजार केस' म्हणतो, दुसरा 'तीन हजार ग्राफ्ट', आणि दोन्ही जवळपास एकच असू शकते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांची. त्यांचे टक्कल अजून पुढे सरकत असते. आज कपाळावर खाली दाट रेघ आखून घेतली आणि औषधोपचार केलाच नाही, तर त्या रेघेमागचे मूळ केस जात राहतात. पुढे केसांची पट्टी, तिच्यामागे मोकळी जागा, आणि ती भरायला मागे काही शिल्लक नाही. अशा मुलाला "थांब" म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. रोपणानंतर काही आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा निकाल कळायला वर्ष लागते. हेही आधी न सांगितल्यामुळे मुले घाबरून माझ्याकडे येतात.

ही शस्त्रक्रिया आहे. भूल असते, रक्त येते, संसर्ग होऊ शकतो. २०१९ मध्ये मुंबईत आणि २०२५ मध्ये कानपूरमध्ये केसरोपणानंतर माणसे दगावली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे याचे प्रशिक्षण होत नाही. रीतसर शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत समोर बसतो तो 'काउन्सेलर', आणि ऑफर आजच संपणार असते. मी मुलांना एवढेच विचारायला सांगतो: ग्राफ्ट कोण काढणार, चिरा कोण पाडणार, डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असणार का, मागे किती शिल्लक राहील, आणि काही बिघडले तर तिथे काय सोय आहे? यांची सरळ उत्तरे मिळाली की एफयूटी की एफयूई, हे तोच डॉक्टर डोके पाहून नीट सांगतो.

आपल्याला विनंती अशी, की ज्या जाहिरातीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आपल्याला कळवलेला नाही, ती जाहिरात आपण स्वीकारू नये. परवाच्या पुरवणीतल्या पानभर जाहिरातीत चार पद्धतींची नावे होती, हप्त्यांची सोय होती, डॉक्टरचे नाव मात्र कुठेच नव्हते.

आपला नियमित वाचक,
एक सलून व्यावसायिक, नाशिक